लेक हॉस्टेलवर, ग्रीन कार्ड एडिसनला

"थोरलीचं नाव काढून टाका. तिला एकवीस पूर्ण झाली, ती आता तुमच्या केसमध्ये बसत नाही." पुण्यातल्या एका सल्लागारानं हे आम्हाला छातीठोकपणे सांगितलं होतं. त्याच्या फीची पावती मी अजून जपून ठेवली आहे, का ते विचारू नका.

ही गोष्ट मार्च २०१८ची. माझ्या भावानं, म्हणजे दादानं, न्यू जर्सीतून आमच्या ग्रीन कार्डासाठी पिटिशन भरलं होतं ते डिसेंबर २००३मध्ये. भावंडांची ही रांग किती लांब असते ते ज्यांनी काढली आहे त्यांनाच माहीत. तेव्हा थोरली पहिलीत होती आणि धाकटा दीड वर्षाचा. मी सांगलीत शाळेत शिकवत होते, ह्यांची सरकारी नोकरी. आम्ही फॉर्मवर सह्या केल्या आणि विसरून गेलो. मधे कधीतरी, २००९च्या फेब्रुवारीत, पिटिशन मंजूर झाल्याचं पत्र दादानं पाठवलं. मंजूर म्हणजे फक्त रांगेतली जागा पक्की. पाळी यायला आणखी नऊ वर्षं गेली. तोवर थोरली एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षात पोचली होती, सरकारी कॉलेजात, स्वतःच्या मार्कांवर. आणि नेमकी फेब्रुवारीत एकवीस वर्षांची झाली होती.

त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही. हे म्हणाले, "एकीला इथं टाकून तिघांनी जायचं असेल तर मला ते ग्रीन कार्ड नको." मी काही बोलले नाही, कारण धाकट्याचं दहावीचं वर्ष नुकतंच संपलं होतं आणि त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मला दिसत होतं.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, थांब जरा. इथल्या वकीलबाईंना विचारतो." दोन दिवसांनी वकीलबाईंचं उत्तर आलं आणि सल्लागाराचं ज्ञान किती उथळ होतं ते कळलं. अमेरिकेत २००२ साली एक कायदा झाला आहे, चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्ट. पिटिशन भरल्यापासून मंजूर होईपर्यंत जितके दिवस त्यांच्या कचेरीत पडून राहिलं, तितके दिवस मुलाच्या वयातून वजा करायचे. त्यांच्या दिरंगाईची शिक्षा मुलाला नाही. आमचं पिटिशन पाच वर्षं आणि दोन महिने पडून होतं. आमची तारीख एप्रिलमध्ये करंट झाली, म्हणजे रांगेत आमची पाळी आली, तेव्हा थोरली एकवीस वर्षं दोन महिन्यांची होती. वजाबाकी केली तर कायद्याच्या डोळ्यांनी ती सोळा वर्षांची! इतकी वर्षं दादा कुरकुरत होता की फाइल हलत नाही म्हणून. ती हलली नाही म्हणूनच लेक वाचली.

अट दोनच. तारीख करंट झाल्यापासून वर्षाच्या आत पुढची कागदपत्रं हलवायची आणि तिनं अमेरिकेत पाऊल ठेवेपर्यंत लग्न करायचं नाही. दुसऱ्या अटीवर घरात जे नाट्य झालं ते वेगळंच. सासूबाईंनी त्याच वर्षी एक स्थळ हेरून ठेवलं होतं, कोल्हापूरचा डॉक्टर मुलगा. "परदेशात जायच्या आधी उरकून घ्या," हा त्यांचा धोशा. "आई, लग्न झालं तर तिचं नाव जातं," असं ह्यांनी समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे कसलं सरकार, पोरींची लग्नं मोडणारं!" थोरली मात्र खूश. तिला आयतं कारण मिळालं.

मेच्या सुरुवातीला मुंबईत बीकेसीला अमेरिकन वकिलातीत मुलाखत झाली. वैद्यकीय तपासणी, पोलिसांचा दाखला, जन्मदाखल्यावरच्या नावांच्या गमती यांबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी लिहीत नाही. सांगण्यासारखा एकच प्रश्न. काचेपलीकडच्या बाईंनी आमचं सगळं पाहून झाल्यावर थोरलीकडे मान वळवली. "तू शिकतेस. मग अमेरिकेत राहायला कधी येणार?"

आम्ही घरी याची तयारी केली होती, पण मला घाम फुटला. ती शांतपणे म्हणाली, "पदवी आणि इंटर्नशिप संपली की. २०२१मध्ये. आई-बाबा आणि भाऊ आत्ताच जातायत, माझं घर तिथंच असेल." बाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "जाण्याआधी री-एन्ट्री परमिटची नीट माहिती करून घे."

तोपर्यंत आमची समजूत अशी होती की एकदा ग्रीन कार्ड मिळालं की मिळालं. दर वर्षी सुट्टीत एक चक्कर टाकली की झालं. अर्धी सांगली हेच सांगत होती. वकीलबाईंशी तासभर बोलल्यावर डोक्यात उजेड पडला. ग्रीन कार्ड म्हणजे तिथं राहण्याचा परवाना. ये-जा करण्याचा पास नव्हे. शिकायला बाहेर जाणं हा गुन्हा नाही. ते तात्पुरतं जाणं मानता येतं, पण "तात्पुरतं" हे तुम्ही दाखवायचं असतं. एक वर्ष किंवा त्याहून जास्त सलग बाहेर राहिलात तर नुसत्या कार्डावर परत येता येत नाही; त्यासाठी आधीच काढलेलं री-एन्ट्री परमिट लागतं. वर्षाच्या आत आलात तरी अधिकारी विचारू शकतो की तुझं घर नक्की कुठे आहे. वर्षातून तीन आठवडे पाहुणीसारखी येणारी मुलगी "मी इथली रहिवासी" म्हणाली तर त्यानं ते का मानावं?

कॉलेज सोडून दे, असं सांगणारेही होते. वहिनी त्यातल्याच. त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. "इकडे ये, इथलं शिक्षण घे." पण अमेरिकेत मेडिकलला जायला आधी चार वर्षांची दुसरी पदवी लागते, मग मेडिकल स्कूलची चार वर्षं, आणि खर्च असा की आमचं सांगलीचं घर विकूनही भागणार नाही. उलट भारतातली एमबीबीएस पूर्ण करून यूएसएमएलईच्या, म्हणजे तिथल्या डॉक्टरकीच्या परवान्याच्या, परीक्षा दिल्या तर थेट रेसिडेन्सीला, म्हणजे हॉस्पिटलातल्या पगारी प्रशिक्षणाला, अर्ज करता येतो. शिवाय ग्रीन कार्ड असेल तर हॉस्पिटलला व्हिसाची भानगड नाही. म्हणजे तिला पदवीही हवी होती आणि कार्डही. दोन्हीतलं एक सोडलं की दुसऱ्याची किंमत निम्म्यावर.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं नेवार्कला उतरलो. पासपोर्टवर शिक्का बसला, तोच वर्षभर कार्डासारखा चालतो. थोरलीकडे पाच आठवडे होते. कॉलेजची सुट्टी आणि त्यावर प्राध्यापकांच्या हातापाया पडून मिळवलेले दिवस.

परमिटचा अर्ज म्हणजे आय-१३१. तो अमेरिकेत असतानाच भरावा लागतो, भारतातून भरता येत नाही. ही एक ओळ ज्यांना उशिरा कळते त्यांचे हाल मी नंतर पाहिले. तेव्हा फी ५७५ डॉलर आणि बोटांच्या ठशांचे ८५, एकूण ६६०. उतरल्याच्या चौथ्या दिवशी आम्ही अर्ज पाठवला. कार्ड आलं नव्हतं म्हणून शिक्क्याची प्रत जोडली. कारणाच्या जागी साधं लिहिलं: वैद्यकीय पदवी पूर्ण करणे. सोबत कॉलेजचा बोनाफाईड आणि अभ्यासक्रम कधी संपतो त्याचं पत्र. ते पत्र मिळवायला तिनं कॉलेजच्या कचेरीत तीन चकरा मारल्या होत्या. तिथल्या कारकुनाचं म्हणणं, "असा फॉरमॅट आमच्याकडे नाही." शेवटी तिनंच टाइप करून नेलं आणि त्यांनी शिक्का मारला.

मग वाट पाहणं. दादाच्या तळघरात आम्ही राहत होतो आणि रोज दुपारी पोस्टाच्या पेटीकडे माझ्या फेऱ्या. ठशांसाठी तारीख आली १८ जुलै. थोरलीचं तिकीट ११ जुलैचं! अर्ज भरून निघून जाता येतं, पण ठसे द्यायला परत यावं लागतं, म्हणजे आणखी एक विमानाचं भाडं. तिकीट पुढे ढकललं, २० जुलैला ती गेली. या नऊ दिवसांनी तिची एका विषयातली हजेरी कमी भरली आणि पुढं सहा महिने तिनं ती जादा ड्युट्या करून भरून काढली. तिनं आम्हाला हे कधी सांगितलं नाही. मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

त्या पाच-सहा आठवड्यांत वकीलबाईंच्या सांगण्यावरून आम्ही आणखी काही गोष्टी केल्या. माझ्याबरोबर तिचं बँकेत जोडखातं, राज्याचं ओळखपत्र, वाचनालयाचं कार्ड. सप्टेंबरात आम्ही न्यू जर्सीतल्याच एडिसनमध्ये ओक ट्री रोडपासून जवळ दोन बेडरूमचं घर भाड्यानं घेतलं तेव्हा करारात राहणाऱ्यांमध्ये तिचं नाव घातलं. घरमालक गुजराती, त्यांनी विचारलं, "चौथी व्यक्ती कुठाय?" मी म्हटलं, "येणार आहे." घरमालक हसले. त्यांचीही एक भाची बडोद्याला शिकत होती.

आयकराचा भाग कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. ग्रीन कार्ड असलेल्यानं जगात कुठंही कमावलं तरी इथं रहिवासी म्हणूनच विवरण भरायचं. "मी अनिवासी" असं लिहून कर वाचवला की तोच कागद पुढं तुमच्या विरुद्ध पुरावा होतो. थोरलीची कमाई शून्य होती, आम्ही तिला आमच्या विवरणात अवलंबित म्हणून दाखवत होतो. गंमत अशी की मूल शिकायला बाहेर राहत असेल तर करखातं ते मूल आई-बापांबरोबरच राहतं असं धरतं. एका खात्याच्या लेखी ती एडिसनला आमच्या घरात रोज जेवत होती. दुसऱ्या, इमिग्रेशनच्या खात्याला मात्र प्रत्येक वेळी पटवून द्यावं लागत होतं.

परमिट डिसेंबर २०१८ला आलं. पासपोर्टसारखी पुस्तिका, मुदत दोन वर्षं, वाढवून मिळत नाही. जानेवारीत भाचीच्या लग्नाला मी सांगलीला गेले तेव्हा ते आणि तिचं ग्रीन कार्ड दोन्ही मंगळसूत्राच्या डबीबरोबर पर्समध्ये घालून नेलं. विमानात बारा-पंधरा तास पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही.

जून २०१९मध्ये ती तीन आठवडे आली. आम्ही तिला पढवून ठेवलं होतं. अधिकाऱ्यानं परमिट पाहिलं, विचारलं, "कॉलेज कधी संपतं?" तिनं सांगितलं. "छान. मग घरी ये," एवढंच. ती बाहेर येऊन म्हणाली, "आई, तो 'घरी ये' म्हणाला!" मला रडू आलं. तिला कळेना यात रडण्यासारखं काय आहे.

आणि मग २०२०. अंतिम परीक्षा फेब्रुवारीत झाली, मार्चमध्ये इंटर्नशिप सुरू झाली आणि त्याच महिन्यात देशात येणारी-जाणारी विमानं बंद. इंटर्न मुलं कोविड वॉर्डात. आम्ही एडिसनला घरात कोंडलेले, न्यू जर्सीतले आकडे रोज वाढत होते, आणि ती तिकडे पीपीई किटमध्ये आठ-आठ तास. त्या दिवसांत कार्डाचा विचार मनात आणायचीही लाज वाटायची. पण कॅलेंडर थांबत नाही. जूनमध्ये तिला बाहेर राहून वर्ष उलटलं. म्हणजे आता नुसतं कार्ड निरुपयोगी, परमिटचाच आधार, आणि परमिटची मुदत ११ डिसेंबर. इंटर्नशिप संपणार मार्च २०२१ला.

तीन वाटा होत्या. इंटर्नशिप अर्धवट टाकून कायमचं यायचं. किंवा परमिट संपू द्यायचं आणि नंतर मुंबईच्या वकिलातीत परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा मागायचा. त्यात तुमच्या हाताबाहेरच्या कारणानं अडकलात हे सिद्ध करावं लागतं. महामारी हे कारण होतं खरं, पण अधिकारी मानेलच याची खात्री कोण देणार? तिसरी वाट, मुदतीआधी येऊन जायचं.

हे तिसऱ्याच्या बाजूचे, मी नाही. मला तिनं विमानात बसू नये असं वाटत होतं. आमचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी तिनंच व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "तुम्ही दोघं भांडत बसा, मी रजेचा अर्ज दिलाय." इंटर्नशिपमधली रजा म्हणजे तितके दिवस शेवटी भरून द्यायचे. ती तयार होती. एअर बबलमधल्या, म्हणजे दोन देशांनी आपसांत ठरवून चालू ठेवलेल्या, विमानानं ती १४ नोव्हेंबरला पोचली, परमिटला सत्तावीस दिवस शिल्लक असताना. दिवाळीत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. मी लाडू, चकली काहीच केलं नव्हतं. विलगीकरण म्हणून तिला खोलीत बंद केलं आणि दाराशी पणती ठेवली.

आता दुसरं परमिट काढायचं का? ह्यांचा आग्रह होता की काढायचंच. वकीलबाई म्हणाल्या, गरज नाही. ती ९ डिसेंबरला गेली आणि १८० दिवसांच्या आत कायमची परत आली, तर कायद्याच्या दृष्टीनं ती सहसा नव्यानं प्रवेश मागणारीसुद्धा धरली जात नाही. मी वहीत दिवस मोजले. ७ जून २०२१. वहीच्या पानावर मी तो आकडा लाल पेनानं चौकटीत लिहिला. ठशांच्या केंद्रांवर तेव्हा महिनोन्महिने तारखा मिळत नव्हत्या, त्यामुळे अर्ज केला असता तरी ती अडकलीच असती.

एप्रिल २०२१मध्ये भारतात दुसरी लाट आली. ती लिहायला माझ्याकडे शब्द नाहीत, तिच्याकडे असतील, ती बोलत नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेनं भारतातून येणाऱ्यांवर बंदी घातली. ४ मेपासून. दादाचा फोन आला तेव्हा माझे हातपाय गार पडले. मग कळलं की बंदी तात्पुरत्या व्हिसावाल्यांना आहे, नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना नाही. शेजारच्या इमारतीतला एक मुलगा एच-१बीवर, नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर होता. वडील गेले म्हणून नागपूरला गेला आणि तिकडेच अडकून पडला. आमच्या थोरलीच्या हातात ते प्लास्टिकचं कार्ड होतं म्हणून तिला विमान मिळालं.

२२ मे. उतरल्यावर तिला आतल्या खोलीत बसवलं. दोन तास. मी बाहेर. अधिकाऱ्यानं सगळ्या तारखा मांडल्या, तीन वर्षांत इथं जेमतेम तीन महिने. त्यानं विचारलं, "तुला कार्ड परत करायचं आहे का?" आय-४०७ नावाचा एक फॉर्म असतो, त्यावर सही केली की तुम्ही स्वखुशीनं कार्ड सोडलं. वकीलबाईंनी तिला आधीच बजावलं होतं, घाबरून सही करू नकोस. सही करायची सक्ती नसते, न्यायाधीशापुढं बाजू मांडायचा हक्क असतो. तिनं नम्रपणे "नाही" म्हटलं आणि फाइल पुढं केली. इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला, जुनं परमिट, भाडेकरार, करविवरणं, एकेरी तिकीट. त्यानं इंटर्नशिपचा दाखला वाचला, त्यावर कोविड ड्युटीची नोंद होती. "तू कोविड वॉर्डात होतीस?" "हो." त्यानं फाइल बंद केली.

बाहेर आली तेव्हा तिच्याकडे तीन बॅगा होत्या. दर वेळी एकच असायची.

पुढचं थोडक्यात. परीक्षा झाल्या, मार्च २०२३मध्ये तिला पेनसिल्व्हेनियात रेसिडेन्सी मिळाली. त्याच महिन्यात आम्ही दोघांनी आणि धाकट्यानं नागरिकत्वाचे अर्ज भरले, पाच वर्षं पुरी व्हायला आली होती. थोरलीचा नाही. हे तिला फार लागलं. परमिटनं कार्ड वाचवलं, पण नागरिकत्वाचं घड्याळ परमिट राखत नाही. सतरा महिने बाहेर राहिल्यानं सलगता तुटली, मोजणी नव्यानं. आमच्या शपथविधीला ती सुट्टी काढून आली, आमचे फोटो काढले आणि म्हणाली, "बघा, आता घरात मी एकटीच परदेशी."

आमच्या मंडळातल्या एका जोडप्याचं याहून नाजूक होतं. त्यांनी मुलाला सातवीत पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये घातलं, संस्कार व्हावेत म्हणून. वडील नागरिक झाले आणि त्यांनी गृहीत धरलं की अठराच्या आतलं मूल आपोआप नागरिक होतं. होतं, पण ते ग्रीन कार्डवर इथं, त्या पालकाच्या ताब्यात राहत असेल तर. पासपोर्टचा अर्ज केल्यावर शाळेचे दाखले मागितले आणि तिथं गाडी अडली. सोळाव्या वर्षी त्यांनी त्याला परत आणून इथल्या हायस्कुलात घातलं, मग जमलं. दोन वर्षं उशीर केला असता तर त्याची रांग वेगळी झाली असती.

थोरलीसाठी वकीलबाईंनी सावधपणे २२ मे २०२१पासून पूर्ण पाच वर्षं धरली आहेत. अर्ज नव्वद दिवस आधी भरता येतो, म्हणजे फेब्रुवारी २०२६. एन-४०० या नागरिकत्वाच्या अर्जात गेल्या पाच वर्षांत देशाबाहेर कधी गेलात, कधी आलात, एकेक प्रवास लिहायचा असतो. नाइट ड्युटी संपवून परवा तिचा फोन आला, आवाज झोपेनं जड. "आई, कोविडच्या वेळी मी डिसेंबरात कितीला निघाले होते गं?"

मी वही आणायला उठले. लाल चौकटीचं पान कुठं आहे ते मला न शोधता सापडतं.